प्रयोग की प्रमेय? : वर्गातील एका सोप्या प्रयोगाची चिकित्सा

प्रयोगवही हा आपल्या शिक्षणव्यवस्थेने घडविलेला एक स्वतंत्र गद्यप्रकार आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये. त्याला स्वतःची रचना आहे आणि स्वतःचे व्याकरणही आहे. उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण व निष्कर्ष हे पाच मथळे, कोऱ्या पानावर पेन्सिलीने काढलेली आकृती, समोरच्या रेघी पानावर शाईने लिहिलेला मजकूर आणि अखेरीस शिक्षकांची तारखेसह स्वाक्षरी, असे त्याचे ठरलेले रूप असते. कृती लिहिताना क्रियापदे विध्यर्थी येतात : 'घ्यावे', 'ओतावे', 'ठेवावे'. निरीक्षण लिहिताना कर्ता नाहीसा होतो : 'दिसून आले', 'आढळले'. कोणाला दिसून आले, कितव्या खेपेस दिसले आणि आधीच्या खेपांना काय दिसले होते, याची नोंद करण्यास या गद्यप्रकारात जागा नाही. साहित्याचे अभ्यासक या लेखनाकडे सहसा वळत नाहीत आणि विज्ञानाचे अध्यापक ते तपासतात, पण लेखन म्हणून वाचत नाहीत. प्रस्तुत लेखात एका अतिपरिचित प्रयोगाच्या आधारे या लेखनाची चिकित्सा करावयाची असून, तोच प्रयोग वैज्ञानिक पद्धतीच्या कसोटीस उतरेल अशा रीतीने कसा आखता येईल, याचाही विचार करावयाचा आहे.

प्रयोग जसा लिहिला जातो

उथळ थाळीत पाणी घ्यावे, मधोमध मेणबत्ती उभी करून पेटवावी आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा ठेवावा. थोड्या वेळाने ज्योत विझते व पेल्यात पाणी चढते. प्रयोगवहीत याचे उद्दिष्ट बहुधा असे लिहिलेले आढळते : 'हवेत ऑक्सिजनचे प्रमाण एकपंचमांश असते हे सिद्ध करणे.' निष्कर्ष असा असतो : 'यावरून हवेत ऑक्सिजनचे प्रमाण एकपंचमांश असते हे सिद्ध होते.' पहिल्या व शेवटच्या मथळ्याखालील मजकुरात फक्त क्रियापदाचे रूप बदलले आहे. मधल्या तीन मथळ्यांमुळे विद्यार्थ्याच्या ज्ञानात कोणती भर पडली, असे विचारल्यास उत्तर देणे कठीण जाईल.

'सिद्ध करणे' हा शब्दप्रयोग येथे कळीचा आहे. तो भूमितीच्या तासावरून प्रयोगशाळेत आलेला असावा, असे मला वाटते. भूमितीत पक्ष दिलेला असतो, साध्य दिलेले असते आणि विद्यार्थ्याचे काम सिद्धतेपुरते असते. तेथे ते योग्यच आहे. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज वर्गागणिक बदलत नाही. प्रयोगाची जात मात्र वेगळी आहे. प्रयोगात साध्य आधी माहीत नसते, किंवा माहीत आहे असे वाटत असले तरी ते चुकीचे ठरण्याची वाट मोकळी ठेवावी लागते. ही वाट ज्या मांडणीत बंद असते तिला प्रात्यक्षिक म्हणता येईल, प्रयोग म्हणता येणार नाही. आपल्याकडे 'प्रात्यक्षिक' व 'प्रयोग' हे दोन्ही शब्द असून ते समानार्थी म्हणून वापरले जातात, ही खेदाची बाब आहे.

मेणबत्तीच्या या प्रयोगाबाबत तर अडचण आणखी गंभीर आहे. हा प्रयोग फार जुना असून, बायझँटियमच्या फिलोने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमारास त्याचे वर्णन केले आहे. त्याचे शालेय स्पष्टीकरण मात्र टिकणारे नाही. मेणबत्तीचे मेण, म्हणजे पॅराफिन, हे कार्बन व हायड्रोजन यांचे संयुग आहे. पंचवीस कार्बन अणूंचा पॅराफिनचा एक रेणू पूर्ण जळण्यास ऑक्सिजनचे अडतीस रेणू लागतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचे पंचवीस रेणू तयार होतात. पाण्याची वाफ निवून द्रवरूप होते, परंतु कार्बन डायऑक्साइड वायू पेल्यातच राहतो. तो पाण्यात विरघळतो हे खरे, तथापि स्थिर पाण्याच्या लहानशा पृष्ठभागातून तो काही मिनिटांत फारसा विरघळत नाही. म्हणजे खर्ची पडलेल्या ऑक्सिजनच्या सुमारे दोनतृतीयांश जागा नव्या वायूने भरून निघते. शिवाय सगळा ऑक्सिजन संपेपर्यंत मेणबत्ती जळत नाही. हवेतील त्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून साधारण १६ टक्क्यांपर्यंत उतरले की ज्योत विझते.

आता हिशेब सोपा आहे. पेल्यात १०० घनसेंटिमीटर हवा होती असे मानल्यास सुमारे ५ घनसेंटिमीटर ऑक्सिजन जळतो व ३.३ घनसेंटिमीटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. घट उरते ती दोन घनसेंटिमीटरपेक्षाही कमी. सगळाच्या सगळा ऑक्सिजन जळाला असे क्षणभर गृहीत धरले, तरी घट ७ घनसेंटिमीटरच्या आसपास राहते. एकपंचमांश कोठेच मिळत नाही.

मग पाणी एवढे चढते कशामुळे? पेला ज्योतीवर आणताना त्यातील हवा तापते, प्रसरण पावते व तिचा काही भाग बाहेर जातो. कित्येकदा पेल्याच्या काठाशी बुडबुडेही दिसतात. ज्योत विझल्यावर आतील हवा निवते, आकुंचन पावते आणि बाहेरील हवेच्या दाबाने पाणी आत ढकलले जाते. पेल्यातील हवेचे सरासरी तापमान ७५ अंश सेल्सिअस असेल व ती २७ अंशांपर्यंत निवली, तर ३४८ केल्व्हिनपासून ३०० केल्व्हिनपर्यंतच्या या उतारात तिचे आकारमान सुमारे १४ टक्क्यांनी घटते. तापमान १०० अंश असते तर घट २० टक्क्यांच्या जवळ गेली असती. आपण ज्याला ऑक्सिजनचे प्रमाण म्हणतो, तो बऱ्याच अंशी हात किती सावकाश खाली आला याचा हिशेब आहे. हा गैरसमज किती चिवट आहे यावर जेम्स बर्क व अँटन लॉसन यांनी १९९९ मध्ये 'जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन'मध्ये लेख लिहिला होता. रसायनशास्त्राच्या अध्यापकांना ही माहिती अगदीच नवी नाही. तरीही प्रयोगवहीतील वाक्य जागचे हललेले नाही.

आणि येथेच एक निरीक्षण असे आहे की ज्यासाठी उपकरण लागत नाही, केवळ डोळे लागतात. ज्योत जळत असताना पाणी जवळजवळ चढत नाही. ती विझत आली की मग ते भराभर चढते. पाणी ऑक्सिजन संपल्यामुळे चढत असते, तर ते ज्योत जळत असतानाच हळूहळू चढावयास हवे होते. पेल्याभोवती उभ्या असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यासमोर हे घडते. प्रयोगवहीत मात्र ते येत नाही, कारण 'निरीक्षण' या मथळ्याखाली काय लिहावयाचे हे उद्दिष्टाने अगोदरच ठरविलेले असते.

जुळविलेले वाचन

पेल्यात पाणी एकतृतीयांश चढले किंवा एकदशांशच चढले, तर विद्यार्थी काय करतो? आपण सर्व जण याचे उत्तर जाणतो. तो 'रीडिंग जुळवतो'. हा शब्दप्रयोग आपल्या प्रयोगशाळांत इतका रुळलेला आहे की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटत नाही. विद्यार्थी पुस्तकातील अपूर्णांक लिहितो व त्याखाली अध्यापकाची स्वाक्षरी होते. ज्या ठिकाणी निसर्गाला प्रश्न विचारण्यास शिकावयाचे, त्या ठिकाणी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा छापील उत्तरावर विसंबावे हा धडा मिळतो, आणि तो लेखी मिळतो. पुढे संशोधनाच्या क्षेत्रात आकडेवारी सजविण्याचे जे प्रकार उघडकीस येतात, त्यांचा धिक्कार करताना या पहिल्या धड्याची आठवण ठेवणे इष्ट ठरेल.

या संदर्भात लाव्हाझिएचे उदाहरण उद्बोधक आहे. हवेच्या घटकांविषयीचा त्याचा प्रसिद्ध प्रयोग १७८९ च्या त्याच्या रसायनशास्त्रावरील ग्रंथात सविस्तर दिलेला आहे. चार औंस पारा बंदिस्त हवेच्या संपर्कात ठेवून त्याने तो बारा दिवस तापविला. पाऱ्यावर लाल थर जमला. तापमान व दाब यांची दुरुस्ती करून त्याने मोजले तेव्हा सुमारे ५० घनइंच हवेपैकी ४२ ते ४३ घनइंच उरली होती. म्हणजे सुमारे सातवा ते सहावा हिस्सा कमी झाला होता. उरलेल्या वायूत मेणबत्ती विझत होती. नंतर त्याने तो लाल पदार्थ वेगळा तापविला आणि कमी झालेले सात-आठ घनइंच परत मिळविले.

आज आपण जाणतो त्या २१ टक्क्यांपेक्षा त्याचा आकडा कमी आहे. आपल्या एखाद्या प्रात्यक्षिक परीक्षेत या आकड्यास किती गुण मिळाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. परंतु त्याची मांडणी पाहावी. पारा जळताना नवा वायू तयार होत नाही, म्हणून घट ही खरोखरच घट असते. मोजणी निवल्यानंतर झाली, म्हणून उष्णतेचा परिणाम वजा झाला. आणि गेलेला वायू परत मिळविल्याने निष्कर्षाची उलटतपासणी झाली. मेणबत्तीच्या आपल्या प्रयोगात या तिन्ही गोष्टी नाहीत.

प्रयोगाची आखणी

तरीसुद्धा मेणबत्तीचा प्रयोग टाकून द्यावा, असे मी म्हणणार नाही. चुकीचे स्पष्टीकरण चिकटलेला प्रयोग हा वैज्ञानिक पद्धत शिकविण्यास बरोबर स्पष्टीकरणाच्या प्रयोगापेक्षा अधिक उपयुक्त असतो. फक्त 'सिद्ध करणे' काढून त्या जागी प्रश्न आणला पाहिजे : पेल्यात पाणी कशामुळे चढते?

प्रश्नास दोन परिकल्पना देता येतात. पहिली, ऑक्सिजन जळून गेल्याने रिकामी झालेली जागा पाणी भरून काढते. दुसरी, तापलेली हवा निवल्याने आकुंचन पावते. केवळ पाणी चढते एवढे पाहून यांपैकी एकही निवडता येत नाही, कारण ते दोहोंतही अपेक्षित आहे. ज्या ठिकाणी दोघींची भाकिते वेगळी होतात असे ठिकाण शोधून काढणे हेच आखणीचे खरे काम, आणि आपल्या अभ्यासक्रमात नेमके याच कामास वेळ दिलेला नसतो. विद्यार्थ्यांना अर्धा तास दिला तर ते ठिकाण त्यांना सापडते. पेला तोच ठेवून मेणबत्त्या वाढवाव्यात. पेल्यातील ऑक्सिजन मेणबत्त्यांच्या संख्येने वाढत नाही, म्हणून पहिल्या परिकल्पनेनुसार पाणी तेवढेच चढावयास हवे. दुसरीनुसार उष्णता वाढल्याने ते अधिक चढावयास हवे.

येथे ज्योतींची संख्या हे स्वाश्रयी चल व चढलेले पाणी हे आश्रयी चल झाले. पाठ्यपुस्तकी चर्चा बहुधा एवढ्यावर थांबते. खरी गंमत नियंत्रित चलांत आहे. एका मेणबत्तीऐवजी तीन उभ्या केल्या की त्या पेल्यातील जागा व्यापतात, आणि तेवढ्याच पाण्याची पातळी वर दिसते. म्हणजे मेणबत्त्या वाढविल्याने पातळी वाढली, हे उष्णतेशिवायही घडू शकते. यावर उपाय साधा आहे : प्रत्येक वेळी तीनही मेणबत्त्या उभ्या ठेवाव्यात, पेटवाव्यात मात्र कधी एक, कधी दोन, कधी तीन. पेला ज्योतींवर आणल्यापासून पाण्यास टेकेपर्यंतचा वेळ सारखा ठेवण्यासाठी एका विद्यार्थ्याने मोठ्याने चारपर्यंत अंक मोजावेत. पाण्याची खोली, वातींची उंची व पेल्याचे सुरुवातीचे तापमान सारखे असावे. मागच्या खेपेचा कोमट पेला लगेच वापरू नये. वाचन पेला पूर्ण निवल्यावरच घ्यावे.

साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात पाच-पाच जणांचे बारा गट होतात. प्रत्येक गटाने तीन स्थिती प्रत्येकी तीनदा तपासल्यास वर्गापुढे १०८ वाचने येतात. जादा पेले हाताशी असतील तर हे काम एका जोड तासिकेत होण्यासारखे आहे. ही सर्व वाचने फळ्यावर, न जुळविता, लिहावीत. एकाच स्थितीतील छत्तीस वाचने एकमेकांशी जुळत नाहीत हे पाहणे, हेच त्या दिवसाचे निम्मे शिक्षण होय. फरक गटांतला किती आणि स्थितींतला किती, हा प्रश्न मग संख्याशास्त्राच्या अध्यापकांकडे नेता येईल; बहुविद्याशाखीय महाविद्यालयाचा तेवढा तरी लाभ घ्यावा.

जळत्या मेणबत्त्या वाढल्या की पाणी अधिक चढते, हे अनेक ठिकाणी पडताळले गेले आहे. पण यावरून दुसरी परिकल्पना मान्य झाली असे म्हणण्याची घाई नको. एखादी विद्यार्थिनी विचारील की तीन ज्योतींनी ऑक्सिजन अधिक प्रमाणात वापरला नसेल कशावरून? हा आक्षेप वाजवी आहे आणि त्याला शब्दांनी नव्हे, दुसऱ्या मांडणीने उत्तर द्यावयाचे आहे. कोरडा पेला, आत पाणी जाऊ न देता, तोंड वर ठेवून गरम पाण्याच्या पातेल्यात काही मिनिटे धरावा व मग थंड पाण्याच्या थाळीत उपडा करावा. ज्योत नाही, ज्वलन नाही. तरीही निवताना पाणी चढते. पहिल्या परिकल्पनेला याचा जबाब देता येत नाही.

उरतो तो शेवटचा मुद्दा : विझलेल्या मेणबत्तीच्या पेल्यात ऑक्सिजन उरतो का? यासाठी प्रयोगशाळेतील लोहकीस उपयोगी पडतो. (भांडी घासण्याची चकचकीत तारेची घासणी घेऊ नये, ती गंजत नाही.) दोन सारखे पेले आतून ओले करून एकात लोहकीस शिंपडावा, दुसरा तसाच ठेवावा. दोहोंत मेणबत्ती विझू द्यावी, निवल्यावर पातळीची खूण करावी आणि ते दोन-तीन दिवस हलवू नयेत. ऑक्सिजन उरला असेल तर लोखंड गंजताना तो शोषला जाईल आणि लोहकीस असलेल्या पेल्यात पाणी आणखी चढेल. दुसरा पेला कशासाठी, असे विद्यार्थी विचारतात. कार्बन डायऑक्साइड सावकाश विरघळल्यानेही पाणी थोडे चढणार. ते किती, हे दुसरा पेला सांगतो. त्याच्याशिवाय पहिल्या पेल्याचे वाचन निरर्थक आहे.

आणि हवेतील ऑक्सिजनचे प्रमाणच शोधावयाचे असेल, तर मेणबत्ती नकोच. ओल्या परीक्षानळीत लोहकीस चिकटवून ती पाण्यात उपडी ठेवावी. गंजताना नवा वायू तयार होत नाही, उष्णता नगण्य असते. काही दिवसांत पाणी सुमारे एकपंचमांश उंचीपर्यंत चढून थांबते. लाव्हाझिएच्या पाऱ्याचे काम येथे गंज करतो, आणि विषारी वाफेचे भयही नाही.

उपाधी आणि विपक्ष

नियंत्रित प्रयोगाची कल्पना विद्यार्थ्यांना परकी वाटते, अशी तक्रार ऐकू येते. भारतीय न्यायशास्त्राचा परिचय असलेल्यांना ती तशी वाटू नये. धुरावरून अग्नीचे अनुमान करताना नैयायिकांनी स्वयंपाकघराचा सपक्ष म्हणून आणि जलाशयाचा विपक्ष म्हणून दाखला दिला. जेथे अग्नी नाही तेथे धूरही नाही, हे पाहणे त्यांना आवश्यक वाटले. उलट, अग्नीवरून धुराचे अनुमान का चुकते याचे कारण त्यांनी 'उपाधी' या संज्ञेने सांगितले : धूर अग्नीमुळे नव्हे, तर ओल्या इंधनाच्या संयोगामुळे येतो. आपल्या मेणबत्तीच्या प्रयोगात उष्णता ही अशीच उपाधी आहे. गरम पाण्यात धरलेला पेला ज्वलनाचा विपक्ष आहे. तेथे ज्वलन नाही, तरी पाणी चढतेच. नैयायिक आधुनिक अर्थाने प्रयोग करीत होते, असे यातून सुचवावयाचे नाही. परंतु तत्त्वज्ञानाच्या व विज्ञानाच्या अध्यापकांनी हा पाठ एकत्र घेतला, तर नियंत्रित चलासाठी परकी व्याख्या पाठ करण्याची वेळ येणार नाही.

येथे एक प्रतिवाद विचारात घ्यावा लागेल. वैज्ञानिक पद्धत म्हणून शाळांत शिकविल्या जाणाऱ्या पायऱ्यांचा उगम बराचसा जॉन ड्युई यांच्या १९१० मधील विचारप्रक्रियेवरील विवेचनात सापडतो. ड्युई यांनी विचाराचे वर्णन केले होते, मथळे ठरवून दिले नव्हते. पीटर मेडावर यांनी १९६३ मध्ये वैज्ञानिक शोधनिबंधाची चालू मांडणीच फसवी असल्याचा आरोप केला, कारण विचार प्रत्यक्षात ज्या क्रमाने होतो तो क्रम निबंध झाकून टाकतो. तेव्हा वैज्ञानिक पद्धत म्हणून जुन्या पाच मथळ्यांच्या जागी नवे पाच आणले, तर काहीच साधणार नाही, ही भीती रास्त आहे. माझा आग्रह मथळ्यांच्या संख्येसाठी नाही. निरीक्षणाच्या आधी भाकीत शाईने लिहिले जावे आणि ते खोटे ठरल्यास खोडले जाऊ नये, एवढाच आहे.

हे आपल्याकडे अशक्य आहे, असेही नाही. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांच्या पुढाकाराने सोळा शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुले स्वतः प्रयोग करून निष्कर्ष काढीत होती. परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा होती आणि प्रयोगांचीही परीक्षा होती. राज्य शासनाने २००२ मध्ये तो बंद केला. त्या कार्यक्रमाचे यशापयश हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. तथापि त्याच्या प्रवर्तकांनी परीक्षा बदलल्याखेरीज प्रयोग बदलत नाही हे आरंभीच ओळखले होते, आणि २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही परीक्षापद्धतीतील सुधारणेवर भर दिलेला आहे.

आपल्या प्रात्यक्षिक परीक्षेत वाचन 'अपेक्षित' उत्तराच्या किती जवळ आहे यास गुण असतात, आणि आखणीस गुण नसतात. बहिःस्थ परीक्षकाला प्रत्येक विद्यार्थ्यामागे मोजकी मिनिटे मिळतात, त्यात आखणी कशी तपासणार, अशी अडचण सांगितली जाते. तोंडी परीक्षेत आज जे व्याख्येचे प्रश्न विचारले जातात, त्यांतील एक काढून त्या जागी 'तुझे हे वाचन दुसऱ्या कोणत्या कारणाने आले असते?' हा प्रश्न विचारण्यास जादा वेळ लागत नाही. विद्यापीठाच्या परवानगीचीही त्यासाठी गरज नाही. तोंडी परीक्षेचे प्रश्न आजही परीक्षकच ठरवितो.